नाक तेच आहे, कॅमेरा लांब ने

ताई, सप्रेम नमस्कार.

मी २८ वर्षांची. भांडुपला राहते, फोर्टला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. डिसेंबरमध्ये दादरला माझं लग्न आहे आणि मी सगळ्यात जास्त धास्ती घेतलीय ती फोटोंची. आत्या लहानपणापासून म्हणते, ‘प्रत्यक्षात छान दिसतेस गं, पण फोटोत येत नाहीस.’ खरंच येत नाही. सेल्फीत नाक भलंमोठं दिसतं. दुसऱ्या कोणी फोटो काढला तर चेहरा वाकडा वाटतो. हात कुठे ठेवायचे कळत नाही, हसले की डोळे मिटतात. कॉलेज संपल्यापासून ग्रुप फोटोत मी मागच्या रांगेत, कडेलाच उभी राहते. स्थळांसाठी फोटो काढला तेव्हा स्टुडिओवाल्याने न विचारता मला गोरं करून टाकलं. मग बघायला आलेल्या एका बाई तोंडावर म्हणाल्या, ‘फोटोत उजळ वाटली होती.’ ते अजून डोक्यातून जात नाही. होणारा नवरा खूप चांगला आहे, पण त्याला प्री-वेडिंग शूट हवंय आणि तो फोटोत कुठूनही चांगला दिसतो. मला नुसत्या विचारानेच रडू येतं. उभं कसं राहायचं, हसायचं कसं, फिल्टर वापरावा का, सगळं सांगा.

– मागच्या रांगेतली, भांडुप

प्रिय मागच्या रांगेतली,

पत्र वाचून आधी त्या बाईंचा राग आला, मग स्टुडिओवाल्याचा. दोघांकडेही येते. पण एक गोष्ट आधी सांगते, ती तुला पटली तरच पुढचं उपयोगाला येईल. मुंबईत लग्नांचे फोटो काढण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय, आणि चेहऱ्यामुळे बिघडलेला फोटो मी फारच क्वचित पाहिलाय. फोटो बिघडतो तो अंतरामुळे, उजेडामुळे आणि कॅमेरा धरणाऱ्याच्या घाईमुळे. तुझ्या बहुतेक तक्रारींचं मूळ या तिघांत आहे. आत्ता श्रावण चालू आहे, लग्न डिसेंबरात. शिकायला भरपूर वेळ आहे.

नाकापासून सुरुवात करू, कारण तुझ्या मनात तेच सगळ्यात मोठं होऊन बसलंय. सेल्फी काढताना फोन चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो, बऱ्याचदा त्याहूनही जवळ. इतक्या जवळून नाकाचं टोक कॅमेऱ्याच्या पुढ्यात येतं आणि कान त्या मानाने बरेच मागे पडतात. जवळचं मोठं दिसतं, लांबचं लहान. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये हे गणित मांडलं: १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. नाक लहान करून मागायला आलेली माणसं पुरावा म्हणून स्वतःचे सेल्फी दाखवत होती, म्हणून त्यांना हे करावंसं वाटलं. ५ फूट म्हणजे समोरासमोर बसून गप्पा मारणाऱ्या दोन माणसांमधलं अंतर. आत्या तुला तिथूनच बघते. ती जे बघते ते खरं आहे. सेल्फी बघतो ते फक्त १२ इंचांवरून खरं आहे.

म्हणून पहिलं काम: स्वतःबद्दलचं मत सेल्फीवरून बनवणं बंद कर. फोन दुसऱ्याच्या हातात दे, त्याला सहा-सात फूट मागे जायला सांग आणि तिथून दुप्पट झूमवर फोटो काढायला सांग. आपल्या घरांत मागे जायला जागा नसते, हे मला चांगलं ठाऊक आहे. अशा वेळी तू दाराच्या आत उभी राहा आणि काढणाऱ्याला बाहेरच्या पॅसेजमध्ये किंवा गॅलरीत पाठव. फोन तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. उंच माणूस उभ्या उभ्या वरून काढतो तेव्हा कपाळ मोठं आणि पाय आखूड दिसतात. लहान भाचा खालून काढतो तेव्हा नुसती हनुवटी आणि नाकपुड्या. त्याला खुर्चीवर चढव, उंच माणसाला गुडघे वाकवायला लाव. संकोच करू नकोस, फोटो तुझा आहे.

मागच्या रांगेतली कडेची जागा तू लपायला निवडलीस आणि नेमकी तीच जागा फोटोत सगळ्यात वाईट. सगळे मावावेत म्हणून फोनची रुंद लेन्स वापरली, त्यातही ते ०.५ चं बटण दाबलं, की कडेची माणसं बाहेरच्या बाजूला ताणली जातात. गाल रुंद होतात, दंड जाड होतात, डोकं तिरकं पसरतं. मधली माणसं मात्र आहेत तशीच राहतात. म्हणजे इतकी वर्षं तू ज्या फोटोंवरून स्वतःला नावं ठेवलीस, त्यातल्या बऱ्याच फोटोंत तू लेन्सच्या कडेला होतीस. आता मध्ये ये. दोन पावलं आत सरकलीस तरी फरक दिसेल.

आता ‘चेहरा वाकडा वाटतो’ याबद्दल. आपण रोज स्वतःला आरशात बघतो, म्हणजे उलटं बघतो. भांग डावीकडे पाडला तर आरशातही तो आपल्या डाव्या हाताला दिसतो. फोटोत मात्र तो फोटो बघणाराच्या उजव्या हाताला जातो. चेहऱ्याच्या दोन बाजू कोणाच्याच सारख्या नसतात. एक भुवई जरा वर, एका बाजूचं हसू जरा जास्त. आरशातल्या त्या लहानशा फरकाची नजरेला सवय झालेली असते, आणि फोटोत तोच फरक बाजू बदलून समोर आला की खटकतो. १९७७ मध्ये अमेरिकेत मिलवॉकीच्या विद्यापीठात काही स्त्रियांना त्यांचेच दोन फोटो दाखवले होते, एक सरळ आणि एक उलटा छापलेला. त्यांना स्वतःला बहुतेक वेळा उलटा, म्हणजे आरशासारखा फोटो आवडला; त्यांच्या मैत्रिणींना आणि जोडीदारांना सरळ आवडला. लग्नात नथ घालशील तेव्हा याचा नीट अनुभव येईल. आरशात बघून जे रूप मनात ठरवलेलं असेल, त्याच्या उलट बाजूला नथ आलेली दिसेल आणि क्षणभर ‘ही कोण’ असं वाटेल. बाकी सगळ्यांना मात्र त्यात तूच दिसशील. यावर उपाय सवयीचाच. आत्तापासून दर आठवड्याला घरच्यांकडून चार-दोन फोटो काढून घे आणि ते नीट बघ, पुसून टाकू नकोस. महिन्याभरात डोळे निवळतात.

उजेडाबद्दल मात्र मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण सगळी करामत तिथे असते आणि तिला पैसे पडत नाहीत. घरात ट्यूबलाइट डोक्यावर असते. वरून पडणाऱ्या उजेडात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाकाची सावली ओठांवर येते आणि चांगली झोप झालेली मुलगीसुद्धा आजारी दिसते. दिवसा ट्यूब बंद कर. खिडकीपासून दोन-तीन फुटांवर, खिडकीकडे तोंड करून उभी राहा, मग हळूहळू अंगाने थोडी वळ, म्हणजे एक गाल उजळ आणि दुसरा किंचित सावलीत जाईल. नाकाला, गालाच्या हाडाला, हनुवटीला आकार येतो तो या सावलीमुळे. समोरून फाडकन फ्लॅश मारला की ती सावलीच पुसली जाते आणि चेहरा चपटा होतो. उन्हं थेट खिडकीतून आत येत असतील तर पांढरी ओढणी किंवा धुतलेली चादर आडवी लाव, काम भागतं.

बाहेर जाशील तेव्हा वेळ बघ. मुंबईत मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस एकेक दिवस असा येतो की भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. खांबाला सावली नसते, पण माणसाच्या डोळ्यांखाली, नाकाखाली सगळी सावली गोळा होते. दुपारच्या उन्हाचं इतर दिवशीही थोडंफार तसंच. सूर्य उगवल्यानंतरचा तासभर आणि मावळण्याआधीचा तासभर उजेड तिरका आणि पिवळसर असतो, त्यात कातडीला ऊब येते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, हे शूट ठरवताना लक्षात ठेव. चारला घरातून निघून ट्रॅफिकमध्ये अडकलात तर उजेड गेलाच. आणि आत्ताचे हे ढगाळ दिवस वाया घालवू नकोस. आभाळ भरून आलेलं असलं की सगळा आकाशपट्टा एकच मोठा, मऊ दिवा होतो. डोळे किलकिले होत नाहीत, सावल्या कडक पडत नाहीत. शिकाऊ माणसासाठी पावसाळ्यातली मुंबई फार चांगली.

समुद्रकिनारी लोक कायम एकच चूक करतात. मरीन ड्राइव्हला संध्याकाळी कट्ट्यावर बसायचं, मावळता सूर्य पाठीशी घ्यायचा आणि मग चेहरा काळा आला म्हणून हळहळायचं. मरीन ड्राइव्हचा समुद्र पश्चिमेला आहे. संध्याकाळी तुझं तोंड समुद्राकडे हवं आणि फोटो काढणाऱ्याची पाठ. मागे इमारतींची ती वळणदार ओळ छान येते. समुद्रच मागे हवा असेल तर सकाळी जा. गेटवेचं याच्या उलट. तिथला समुद्र पूर्वेला, म्हणून गेटवे पाठीशी घेऊन सकाळी उभं राहिलं तर सूर्य मागे असतो आणि चेहरा अंधारात. तिथे दुपार उलटल्यावर जावं. मागे उजेड आणि पुढे चेहरा असं झालंच, तर फोनच्या स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवायला सांग. कॅमेरा मग आकाश सोडून तुझ्या चेहऱ्याप्रमाणे उजेड मोजतो.

आता रंगाबद्दल. त्या बाई जे बोलल्या ते त्यांचं दारिद्र्य. पण स्टुडिओवाल्याने जे केलं त्याने तुझं जास्त नुकसान केलं, कारण त्याने तुझ्याच फोटोत तुला परकी केलं आणि मग खऱ्या तुला त्या खोट्या फोटोशी ताडून बघण्याची संधी लोकांना दिली. सावळ्या चेहऱ्याचा फोटो खराब येतो हा समज कॅमेऱ्याच्या इतिहासातून आलाय. १९५० च्या दशकापासून कोडॅक कंपनी रंगीत फोटो छापणाऱ्या लॅबना एक नमुना-फोटो पाठवत असे. त्यात गोरी बाई असायची. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला शर्ली कार्डच म्हणत. तिची कातडी नीट दिसली की रंग बरोबर जमले असं धरायचं. सावळ्या-काळ्या चेहऱ्यांचे बारकावे त्या मापात बसतच नसत. चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्या कंपन्यांनी तक्रारी केल्या, तेव्हा गडद तपकिरी छटांकडे नीट लक्ष गेलं. माणसांच्या चेहऱ्यांसाठी तितकी घाई कोणाला नव्हती, हे मला आजही लागतं. आपल्याकडच्या फोटोवाल्यांना मग सावळा चेहरा दिसला की उजेड वाढवायची आणि नंतर पांढरं फासायची सवय लागली.

सावळ्या कातडीवर उजेड फार सुंदर चमकतो. गालाच्या हाडावर, कपाळावर, खांद्यावर जी झळाळी येते ती फिक्या कातडीवर तशी येत नाही. त्यासाठी उजेड बाजूने आणि मऊ हवा, फ्लॅश समोरून नको आणि मागची भिंत पांढरीफेक नको. मागे खूप पांढरं असलं की कॅमेरा सगळंच अंधारं करतो आणि चेहरा राखाडी पडतो. गर्द हिरवी झाडी, जुना दगड, मातकट रंगाची भिंत मागे असू दे. साडीत मोरपंखी, राणी, गर्द जांभळा, आंबा, हे रंग तुला खुलतील. फिके पेस्टल हल्ली फॅशनमध्ये असले तरी मला ते सावळ्या नवरीवर धुतल्यासारखे वाटतात. आणि फोटोग्राफरला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांग: ‘माझा रंग आहे तसा ठेवायचा. एकही फोटो उजळ करायचा नाही.’ शक्य असेल तर पैसे ठरवतानाच लिहून घे. त्याने आधी काढलेल्या लग्नांतल्या सावळ्या नवरींचे फोटो मागून बघ. ते राखाडी किंवा पिठूळ दिसत असतील तर दुसरा माणूस शोध.

फिल्टरचं उत्तरही यातच आहे. पुळी आली असेल, ओरखडा असेल, तर काढून टाकायला हरकत नाही. दोन आठवड्यांनी ते तसंही जाणारच असतं. तीळ, रंग, जबडा, नाक यांना हात लावू द्यायचा नाही. पुष्कळ फोनमध्ये समोरच्या कॅमेऱ्याला ‘ब्युटी’ नावाची सोय आधीपासूनच चालू असते आणि ती गुपचूप कातडी गुळगुळीत करते. आजच सेटिंगमध्ये जाऊन ती बंद कर.

उभं कसं राहायचं? आपल्याकडे याचे दोन्ही धडे देवळात आहेत. विठोबा समचरण उभा आहे, दोन्ही पाय जुळलेले, हात कमरेवर, कोपरं बाहेर. कोपर बाहेर असल्यामुळे हात आणि अंग यांच्यात मोकळी जागा राहते आणि कमरेचा आकार स्पष्ट दिसतो. मुरलीधर कृष्ण त्रिभंगात उभा असतो: एक गुडघा सैल, कंबर एका बाजूला, मान दुसऱ्या बाजूला. तुला रोजच्या फोटोंत या दोन्हींमधलं थोडं थोडं घ्यायचंय. कॅमेऱ्याला छाती सरळ लावून उभी राहू नकोस, किंचित तिरकी वळ. अंगाचा भार मागच्या पायावर टाक, पुढचा गुडघा सैल सोड. दंड अंगाला चिकटवलेस की ते दाबले जाऊन रुंद दिसतात. मध्ये बोटभर जागा ठेव. नऊवारीत मात्र पाय जरा अंतरावर ठेवून सरळ, ताठ उभी राहा. काष्ट्याला तोच रुबाब शोभतो. गुढीपाडव्याच्या गिरगावातल्या शोभायात्रेतल्या बायका बघितल्यास ना? नऊवारीत त्या कशा उभ्या असतात तेवढं आठव.

हातांना काम दे म्हणजे ते अवघडत नाहीत. एका हाताने पदराची कड धर, बांगड्या मागे सार, गजरा चाचपून बघ, होणाऱ्या नवऱ्याच्या दंडाला हात लाव. बोटं सैल असू देत. हाताची पालथी बाजू कॅमेऱ्यासमोर आली की पंजा मोठा दिसतो. करंगळीची कड कॅमेऱ्याकडे कर, हात नाजूक दिसतो. मेंदी दाखवायचे फोटो सोडले तर हे कायम लक्षात ठेव.

हनुवटीचं तेवढं आरशासमोर करून बघ, कारण वाचून ते विचित्र वाटतं. खांदे खाली सोड, मान वर ताण, मग कपाळ किंचित पुढे आण आणि हनुवटी किंचित खाली. बाजूने बघणाऱ्याला तू कासवासारखी मान काढल्यासारखी वाटशील, पण समोरून जबड्याची रेघ स्पष्ट येते आणि गळ्याखालची वळी जाते. बहुतेक जण घाबरून याच्या उलट करतात, मान मागे खेचतात. मग नसलेली दुहेरी हनुवटी तयार होते.

आता हसू. ड्युशेन नावाचे एक फ्रेंच डॉक्टर होते. त्यांनी विजेचे हलके झटके देऊन चेहऱ्याचा कोणता स्नायू काय करतो हे शोधलं आणि १८६२ मध्ये छापलं. ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू आपण हुकमावर हलवू शकतो. डोळ्यांभोवतीचा स्नायू मात्र सहसा खरा आनंद झाला तरच आवळला जातो. म्हणून ‘स्माइल प्लीज’ म्हटल्यावर येतं ते हसू नुसतं ओठांत राहतं. तू लिहितेस की हसले की डोळे मिटतात. अगं, तुझं हसू डोळ्यांपर्यंत पोहोचतं म्हणूनच ते बारीक होतात. पूर्ण मिटू नयेत यासाठी दोन उपाय. उन्हाकडे तोंड करून हसू नकोस, सावलीत ये. आणि ‘एक, दोन, तीन’ होईपर्यंत डोळे ताणून धरू नकोस, तिसऱ्या आकड्याला ते हमखास मिटतात. त्याऐवजी ‘दोन’ म्हणेपर्यंत डोळे मिटून ठेव, मोठा श्वास सोड आणि ‘तीन’ला उघड. चेहरा ताजा येतो. काढणाऱ्यालाही सांग, हसून झाल्यानंतरही बटण दाबत राहा. हसू ओसरतानाचा चेहरा बहुतेकांचा सगळ्यात गोड असतो, आणि तेव्हा आपण पोझ द्यायची विसरलेलो असतो.

दात दाखवायचे नसतील तर नको दाखवूस. प्रत्येक फोटोत हसलंच पाहिजे असा नियम नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली, भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी त्या काळात इथे फोटो काढत. तेव्हा रसायन लावलेल्या काचेवर, ती ओली असतानाच फोटो घ्यावा लागे आणि समोरच्याने काही सेकंद न हलता बसावं लागे; मानेमागे लोखंडी टेकू लावत. इतका वेळ हसू टिकत नाही, म्हणून ती माणसं गंभीर दिसतात. आणि त्यातल्या कित्येक बायका काय सुरेख दिसतात! शांत, सरळ नजरेत फार ताकद असते. तुझ्या अल्बममध्ये असा एक तरी फोटो असावा असं मला मनापासून वाटतं.

मेकअपबद्दल थोडंच. मुंबईच्या दमट हवेत चेहरा तासाभरात तेलकट चमकतो, म्हणून पर्समध्ये टिपकागद ठेव आणि टिप, पुसू नकोस. सनस्क्रीन आणि काही बारीक पांढरी पावडर फ्लॅशमध्ये चेहऱ्यावर पांढरट थर आणते. मेकअप करणाऱ्या मुलीला ट्रायलच्या दिवशीच फ्लॅश मारून एक फोटो काढायला सांग आणि चेहऱ्याचा रंग मानेशी जुळतोय का बघ. मुंडावळ्या डोळ्यांवर येणार नाहीत अशा जरा मागे बांधून घे.

प्री-वेडिंगचं टेन्शन तू दुसऱ्याच कारणाने घेतलंस असं मला वाटतं. तो चांगला दिसतो आणि तू नाही दिसणार, ही भीती आहे. मग शूटच्या आधी एका रविवारी सकाळी दोघंच माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सला जा. मोठी झाडं, मऊ सावली, फारशी वर्दळ नाही. फोटोग्राफर नको. आधी तू त्याचे फोटो काढ, मग तो तुझे. तो फोटोत निवांत कसा असतो ते तुला दिसेल, आणि त्याला तुझी कुठली बाजू आवडते ते त्याच्या फोटोंतून तुला कळेल. आपल्यावर माया असलेल्या माणसाने काढलेला फोटो वेगळा येतो, हे मी नेहमी बघत आलेय. त्याला घाई नसते. त्याला हे पत्र वाचायला दे. तुला रडू येतं हे त्याला कळलं पाहिजे. त्याने ऐकून घेतलं तर शूट सोपं जाईल, आणि त्यावर दोघांनी मिळून ‘शूट नकोच’ असं ठरवलंत तरी माझ्या लेखी ते उत्तम.

केलंतच तर भाड्याचे गाऊन, धूर सोडणारी नळकांडी आणि दुचाकीवरचे फिल्मी प्रकार मला आवडत नाहीत, स्पष्ट सांगते. त्यात सगळी जोडपी एकसारखी दिसतात. तुम्ही खरोखर जिथे भेटता तिथे जा. शिवाजी पार्कचा कट्टा, फोर्टातल्या तुझ्या ऑफिसजवळची दगडी कमानींची फुटपाथ, भांडुपच्या घराची गच्ची. स्टेशनवर आणि लोकलमध्ये शूटिंग करायला रेल्वेची परवानगी लागते, तो विचार असेल तर आधी चौकशी करा.

आता लग्नाच्या दिवसाचं. हॉलवाल्याला आणि डेकोरेटरला आत्ताच सांगून ठेव की स्टेजवर जांभळे-निळे एलईडी तोंडावर नकोत. मागच्या पडद्यावर हवे तेवढे लावा, चेहऱ्यावर मात्र साधा, उबदार पांढरा उजेड. निळा पडलेला चेहरा नंतर कोणालाच धड दुरुस्त करता येत नाही. विधी पाटावर बसून होतात आणि फोटोग्राफर उभे राहून काढतात, मग अल्बमभर नुसती डोकी आणि भांग. त्यांना सांग, होमाच्या वेळी तुम्हीही खाली बसा. तू पाटावर बसशील तेव्हा पाठ सरळ ठेव आणि भटजी काही हातात देतील तेव्हा कमरेतून वाक, पाठीला पोक काढून नको.

ग्रुप फोटोत कोणी ना कोणी डोळे मिटतंच. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी त्याचा हिशेब काढला, त्याबद्दल त्यांना २००६ चं इग नोबेल, म्हणजे गमतीदार संशोधनासाठीचं बक्षीसही मिळालं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागायचं, कमी उजेडात दोनने; तितके फोटो काढले की त्यात एक तरी सगळ्यांचे डोळे उघडे असलेला जवळजवळ हमखास सापडतो. म्हणजे बारा जणांचे हॉलबाहेर चार, हॉलमध्ये सहा. फोटोग्राफर एकावर थांबला तर त्याला थांबू देऊ नकोस.

कोणाबरोबर फोटो हवेतच त्याची यादी आदल्या आठवड्यात करून एखाद्या मैत्रिणीच्या हातात दे, नावं हाक मारून बोलावण्याचं काम तिचं. आजी-आजोबा, वयस्क मावश्या-काका यांचे फोटो अक्षता पडल्या की लगेच, पंगतीच्या आधी उरकून घ्या. जेवून ते दमतात आणि लवकर निघतात. त्यांना खुर्च्या द्या, तू त्यांच्या मागे उभी राहण्यापेक्षा शेजारी बस. तुझा फोन त्या दिवशी सकाळीच त्या मैत्रिणीकडे देऊन टाक.

तुझी,
ताई